बस्स म्हणेपर्यंत

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकजण मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवतो आणि मी मध्येच त्याला तोडतो, "वायरिंग ढिली असेल बघ!" साताऱ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझं अर्धं आयुष्य गेलंय. आपोआप चालू होणारी मशीन, कुणी नसताना वाजणारी घंटा... सगळं बघून झालंय. प्रत्येक वेळी शेवटी एखादा सैल स्क्रू निघतो, गंजलेला कॉन्टॅक्ट निघतो, नाहीतर पॅनेलमध्ये मेलेली पाल. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय हे आमच्या मंडळींना कळलं तर माझी काही खैर नाही. हसा खुशाल. फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून थोडं आत. मी बायकोमुलांसह साताऱ्यात राहतो, थोरली बहीण सांगलीला दिलेली. गावी आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंच असायचे. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सिग्नल्समधले. निवृत्तीनंतरही त्यांची दाढी, आंघोळ आणि चहा घड्याळाबरहुकूम चालायचं. अंगणात त्यांनी डाळिंबं लावली तीसुद्धा दोरी धरून, परेडच्या रांगेत.

त्या डाळिंबांमुळेच पुढचं सगळं झालं असं म्हणता येईल. कारण झाडं लावल्यापासून अंगणात गाडी वळवायला जागाच उरली नाही. गेटमधून नाक पुढे करून आत यायचं आणि जाताना रिव्हर्समध्ये बाहेर पडायचं. वाट अरुंद. एका बाजूला दगडी भिंत, दुसरीकडे पाण्याचा हौद. बाहेर पडताना गाडीचे दोन्ही बाजूंचे आरसे दुमडावे लागतात, नाहीतर गेटला घासतात. म्हणून आमच्याकडे माणसं गाडीत अंगणात बसत नाहीत. आधी गाडी रस्त्यावर काढायची, मग सगळ्यांनी बसायचं.

आणि गाडी रस्त्यावर काढताना मागे माणूस पाहिजेच. तुमच्याकडेही असेल हे — ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, नाहीतर जावयाची नवी कोरी गाडी असो, कुणीतरी मागे उभं राहून हात हलवत "येऊ दे... येऊ दे..." केल्याशिवाय ती मागे येत नाही. याचा एक नियम आहे, कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना माहीत असतो. "बस्स" ऐकू येईपर्यंत यायचं. मध्ये आवाज थांबला तरी यायचं. मागचा माणूस गप्प आहे म्हणजे मागे रस्ता मोकळा आहे. "बस्स" म्हटलं आणि डिकीवर दोन थापा पडल्या की थांबायचं. आमच्या घरात हा मान आबांचा. ते दुसऱ्या कुणाला तिथे उभं राहू देत नसत.

आता माझ्या गाडीबद्दल. गाडी जुनी, पण मला जुगाडाचा नाद. कारखान्याने भंगारात काढलेला एक छोटा कॉम्प्युटर मी विकत घेतला, सीटखाली बसवला आणि डॅशबोर्डमध्ये त्याचा स्क्रीन लावला. त्यावर नकाशा, गाणी, आणि मागचा कॅमेरा. नव्या गाड्यांत हे सगळं कंपनीच देते, पण स्वतः केलेल्याची मजा वेगळी. अडचण एकच होती. किल्ली फिरवल्यापासून तो कॉम्प्युटर पूर्ण उठायला दीड-एक मिनिट घ्यायचा. तोवर मी गेटच्या बाहेर पडलेलो असायचो आणि कॅमेरा मागाहून उगवायचा. बंद करतानाही तीच रडकथा.

आबा थट्टा करायचे. "राजू, तुजं हे यंत्र उठेस्तोवर आमची आख्खी कंपनी फॉल-इन हुन हजेरी द्यायची बग."

मग मी त्याला हायबरनेशन लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शटडाऊन केलं की कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापासून मांडामांड करतो. हायबरनेट केलं की डोक्यात जे काही चालू आहे ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवून ठेवतो आणि मगच वीज सोडतो. पुन्हा किल्ली फिरवली की ते उचलून घेतो आणि जिथे होता तिथूनच पुढे चालू. दीड मिनिटाचं काम पाच-सहा सेकंदांवर आलं. बॅटरी काढून नेली तरी फरक पडत नाही, कारण सगळं डिस्कवर असतं.

हे मी आबांना समजावून सांगितलं. नोकरीत असताना सुट्टी संपली की ट्रंक उचलून ते दरवेळी "येतो" म्हणायचे. आमच्याकडे "जातो" कुणी म्हणत नाही, आणि फौजीच्या घरात तर तो शब्द उंबऱ्याच्या आतसुद्धा येऊ देत नाहीत. "म्हंजे ते जातो म्हणत न्हाई," आबा म्हणाले. "येतो म्हणून झोपतंय. बेस हाय." त्या दिवसापासून त्यांचा त्या कॉम्प्युटरवरचा राग गेला. तरी कॅमेऱ्यावर विश्वास नव्हताच. कॅमेरा लागला काय नि न लागला काय, ते आपले मागे उभे असायचेच.

माझ्या जुगाडात एक खोट मात्र राहून गेली होती. कॉम्प्युटर उठला की सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं चित्र पुढे यायचं, पण खरा कॅमेरा जागा व्हायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात स्क्रीनवर जुनंच, म्हणजे गेल्या वेळी रिव्हर्स टाकल्यावर कॅमेऱ्याने टिपलेलं पहिलं चित्र गोठलेलं दिसायचं. मग ते जाऊन नकाशा यायचा. दुरुस्त करू, करू म्हणत मी ते तसंच ठेवलं.

एका रविवारी नेहमीप्रमाणे आम्ही गावाहून निघालो. आबा मागे उभे होते. डोक्याला मफलर, अंगात तो फौजी रंगाचा स्वेटर, उजवा हात स्वतःकडे वळवून बोलावल्यासारखा... ये, ये. बस्स. दोन थापा. आम्ही साताऱ्याला आलो. इथे माझी गाडी रस्त्याच्या कडेला असते, पुढे काढायची नि पुढे लावायची, रिव्हर्सची वेळच येत नाही. आणि कामावर मी मोटरसायकलने जातो.

दोन दिवसांनी सकाळी गावाकडून फोन आला. आबा झोपेतच गेले होते.

मी खाली धावलो, गाडीत बसलो, किल्ली फिरवली. आणि स्क्रीन उजळला... समोर आबा. मफलर, स्वेटर, हात माझ्याकडे. ये, ये. मग ते चित्र गेलं आणि नकाशा आला. बायको शेजारी बसून रडत होती, तिने ते बघितलंही नाही. इथपर्यंत यात अमानवीय काहीही नाही, हे मी आधीच सांगतो. माझ्याच जुगाडातली खोट होती ती. पण वडील गेल्याचा फोन ठेवून गाडीत बसावं आणि त्यांनीच हाताने बोलवावं... मी पूर्ण रस्ताभर रडत गाडी चालवली.

तेरावा झाल्यावर मी हे आईला आणि ताईला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून ठरत नाही.

आई म्हणाली, "मला बगायचंय."

मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवली. आबा आले, गेले. आईने स्क्रीनच्या काचेवरून बोट फिरवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "परत उठीव की रं त्याला." मी पुन्हा किल्ली फिरवली. असं पाच-सहा वेळा झालं. चित्राच्या कोपऱ्यात वार-तारीख येते, ती तिने माझ्याकडून वाचून घेतली. "म्हंजे हितं आजून ऐतवारच हाय व्हय?" ती म्हणाली.

आता प्रश्न असा होता की पुढच्या रिव्हर्सला ते चित्र पुसलं जाणार. मी त्याचा मोबाईलवर फोटो काढून आईला दिला. तिने तो बघितला आणि बाजूला ठेवला. "ह्यो फोटो झाला. भितीवर बी हाय की तसला. तितं हे येत्यात." आमच्या आईने कधी आबांचं नाव घेतलं नाही, तिच्या बोलण्यात ते कायम "हे".

मग मी आणखी एक जुगाड केला. गाडी बंद करताना कॉम्प्युटरने नवीन काही डिस्कवर उतरवायचंच नाही, आणि उठताना दरवेळी तीच एक जुनी घडी उलगडायची, असं करून ठेवलं. म्हणजे बाकीच्या जगात दिवस पुढे जात होते आणि तो कॉम्प्युटर मात्र प्रत्येक वेळी त्याच एका क्षणाला जागा होत होता. त्याच्या लेखी मागे उभं राहिलेलं शेवटचं माणूस आबाच. आईच्या हट्टामुळे गाडीही मी गावीच ठेवली आणि एसटीने साताऱ्याला आलो. उभ्या आयुष्यात स्टेअरिंगला हात न लावलेल्या माझ्या आईला मी किल्ली पहिल्या खाचेपर्यंत कशी फिरवायची ते शिकवलं. मला वाटलं, मी तिच्यासाठी फार मोठी गोष्ट केली.

महिन्याभरात शेजारच्या भगवानतात्यांचा फोन आला. आबांचे बालमित्र, मेंढरं राखतात, गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाहीत.

"राजू, येऊन जा बाबा."

"का हो तात्या? आई बरी आहे ना?"

"गाडीत बसत्यात वैनी. सकाळच्यानं. मी मेंढरं घेऊन जातो तवाबी तितंच, येतो तवाबी तितंच."

मी कपड्यांबरोबर लॅपटॉप आणि एक कोरी डिस्क बॅगेत टाकली आणि लगेच निघालो. घरात पाऊल टाकलं. चूल थंड, दूध नासलेलं, टोपलीतली भाकरी वाळून कडक झालेली. आई गाडीत होती. स्क्रीन काळा होता, कारण बॅटरी कधीच उतरली होती, पण ती किल्लीला हात लावून बसून होती. इतकी वाळली होती की ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता. मी हाक मारली तेव्हा तिने आधी मलाच विचारलं, "बिगाडलं काय रं? येईनात."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. भुताची नव्हे. आबा गेले ते गेले, आता आईही माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच हाताने केलेल्या एका जुगाडापायी चालली होती. दहिवडीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अशक्तपणा फार आहे, बीपी खाली जातंय, एकटं ठेवू नका. चक्कर येऊन कुठे पडतील सांगता येत नाही. सांगलीहून ताईचा फोन, ती तर माझ्यावर उखडलीच. "राजू, ते सगळं आधी उपसून काढ. आणि आईला घेऊन इकडं ये. मी बघते तिचं. तुझी यंत्रं तुझ्यापाशी ठेव."

चोरून काढणं सोपं होतं. पण आईशी लबाडी करायला जीव धजेना. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं — आई, हे आता काढून टाकतो. तू रागव, मार, पण काढतो.

तिने बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "व्हय. काढ. मलाबी कळतंय रं. सारकं सारकं बलावणं बरं न्हवं. दमत असत्याल त्येबी."

मी गाडीला नवीन बॅटरी आणली. तिने शेवटचं एकदा बघितलं, हात जोडले आणि घरात निघून गेली. मग मी कॉम्प्युटरमधली ती डिस्कच काढून टाकली. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा. चित्र पुसलं असं नाही, डिस्क काढली. साताऱ्याहून येताना मी कोरी करकरीत डिस्क आणली होती, तिच्यावर सगळं नव्याने भरलं, कॅमेरा लावून तपासला आणि नीट शटडाऊन केलं. हायबरनेशन मुद्दामच लावलं नाही. त्या शब्दाचा सुद्धा मला वीट आला होता. जुनी डिस्क माझ्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सांगलीला निघणार होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. ताईसाठी आईने बाजरी घेतली, मटकी घेतली, गोधड्या घेतल्या, उखळसुद्धा घेणार होती ते मी घेऊ दिलं नाही. मागची सीट छतापर्यंत भरली. मधल्या आरशात फक्त गोधडी दिसत होती. आई म्हणाली, "तू गाडी काड. मी कुलूप लावते नि येते." मी आत बसलो, दोन्ही आरसे दुमडले, किल्ली फिरवली. स्क्रीन काळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांची ओळ आली, म्हणजे कॉम्प्युटर आता सावकाश उठायला लागला होता. दीड मिनिट जाणार. मला घाई होती, ऊन तापायच्या आत दहिवडी सोडायची होती. रिव्हर्स टाकला.

आणि मागून आवाज आला. "येऊ दे... येऊ दे..."

आईचा. कुलूप लावून ती मागे जाऊन उभी राहिली होती, आबांच्या जागेवर. इतक्या वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आई परत आली. आता सगळं मार्गी लागेल. मी क्लच सोडला, गाडी मागे सरकायला लागली. "येऊ दे..." मग आवाज थांबला. मी येत राहिलो. आमचा नियमच तो, बस्स म्हणेपर्यंत यायचं. भिंत सरकत होती, हौद सरकत होता. मला गेटचा अंदाज होता, अजून बरीच जागा होती.

तेवढ्यात स्क्रीन उजळला.

आबा.

तोच मफलर, तोच स्वेटर. गेटच्या आत, नेहमीच्या जागेपेक्षा बरेच पुढे, अगदी गाडीजवळ. पण त्यांचा हात ये, ये करत नव्हता. पंजा उघडा माझ्याकडे — थांब. आणि ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. मान खाली होती, आपल्या पायापाशी काहीतरी बघत होते.

मी ब्रेक दाबला. विचार करून नाही, पाय आपोआप गेला. लहानपणापासून तो पंजा दिसला की आम्ही जागच्या जागी थांबायचो. गाडी धक्का खाऊन बंद पडली. स्क्रीनवर परत काळं, परत ती पांढरी अक्षरं, उठणं अजून निम्म्यावरसुद्धा आलं नव्हतं.

मी हाक मारली. "आई?" उत्तर नाही. उतरून मागे गेलो.

आई गाडीच्या मागे आडवी पडली होती. चक्कर आली असणार, उभ्या जागी कोसळली होती, आवाजही न करता. मागचं चाक आणि तिचं डोकं यांत एक वीतभर अंतर असेल. मी ते अंतर हाताने मोजलं नाही. मोजायची छाती झाली नाही. मी तिथेच मातीत बसलो आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन मोठ्याने ओरडत राहिलो, काय ओरडलो ते आठवत नाही. भगवानतात्या धावत आले. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, तिने डोळे उघडले. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. तात्यांनी एकदा चाकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बरं थांबलास," एवढंच म्हणाले.

दहिवडीत सलाईन लावून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आम्ही दुपारी सांगलीची वाट धरली. ताईच्या घरी पोचल्यावर आई झोपली आणि मी पार्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन गाडीत बसलो. कॉम्प्युटर उठताना काय काय केव्हा चालू झालं याची नोंद आपोआप ठेवत असतो, ती ओळन् ओळ वाचली. त्या सकाळी कॅमेऱ्याचा प्रोग्राम चालू झाला तो गाडी बंद पडून बराच वेळ झाल्यावर. त्याआधी स्क्रीनवर चित्र जाण्याचा रस्ताच उघडलेला नव्हता. नव्या डिस्कवर आबांचं कुठलंही चित्र नव्हतं, असणारच कसं? जुनी डिस्क माझ्या बॅगेत होती, ती तपासली. तिच्यातल्या चित्रात हात ये, ये असाच होता. मग मी गाडी कितीतरी वेळा चालू-बंद केली. दरवेळी काळं, पांढरी अक्षरं, आणि वाट बघणं. शेवटी ताई खाली आली, मला तसा बसलेला बघून तिला वाटलं आता आईनंतर याचं सुरू झालं. मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "वर चल, चहा घे." ती माझ्यावर विश्वास ठेवते की नाही, मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. सांगितलं तर पुन्हा ती किल्ली, पुन्हा ते बसणं. पण आईच ती. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत ऊन खात बसली होती, मी चहा घेऊन गेलो तर थेट म्हणाली, "तू थांबलास कसा रं? मी तर बस्स म्हणलेच न्हाई."

माझ्या तोंडून खोटं निघेना. सांगितलं.

तिला नवल वाटलं नाही. रडलीसुद्धा नाही. फक्त विचारलं, "हात कसा व्हता?"

मी पंजा उघडून दाखवला. थांब.

"आनि बगत कुटं व्हते?"

"खाली. तुझ्याकडे... असं आता वाटतंय."

तिने मान हलवली. चहाचा कप तसाच हातात धरून ती खालचा रस्ता बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणणार, मला वाचवायला आले. मीही तेच धरून चाललो होतो.

"माज्यासाठी न्हाई आलं ते," आई म्हणाली. "मी मेले असते तर ह्यांच्याकडंच गेले असते की. त्यात ह्यांस्नी काय वंगाळ? मलाबी न्हवतं. पर तू? आईवर गाडी घातली म्हणून जल्मभर जळत राहिला असतास. तुला जेवान गेलं नसतं, झोप आली नसती. ते तुज्यासाठी आलं रं लेकरा."

मी पन्नाशीला टेकलेला माणूस. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली आणि मध्येच म्हणाली, "चा गार हुतोय." त्या दिवसापासून ती जेवायला लागली. जुन्या डिस्कबद्दल तिने परत कधी विचारलं नाही. माझ्या कपाटात आहे ती, कुठल्याच मशीनला जोडलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. दुःखात माणसाला दिसतं. मी स्वतः हेच म्हटलं असतं, आमच्या जेवणाच्या सुट्टीत तर टाळी देऊन म्हटलं असतं. मनाचा खेळ म्हणायला माझी हरकत नाही. पण माझ्या मनाला आई पडलेली माहीत नव्हती हो! आरसे दुमडलेले, मागची काच झाकलेली, स्क्रीन काळा. त्या स्क्रीनवर मनाला माहीत होता तो ये, ये करणारा हात. तोच मी शेकडो वेळा बघितला होता. मग लहानपणीचा तो थांब म्हणणारा पंजा माझ्या मनाने तिथे आणला कसा, आणि अगदी त्याच घटकेला? सैल स्क्रू मी आजही शोधतोय. सापडला तर याच सदरात येऊन कळवीन. मला आनंदच होईल... निदान मी स्वतःला तसं सांगतो.

चार महिने सांगलीत राहून आई गावी परतली. अंगाने भरली आहे, डाळिंबांना पाणी घालते, मलाच चार गोष्टी सुनावते. कॉम्प्युटरला मी पुन्हा हायबरनेशन लावलंय. "येतो" म्हणून झोपणारंच बरं, असं आता मलाही वाटतं. कॅमेरा पाच-सहा सेकंदांत जागा होतो, चित्र स्वच्छ येतं, मागचा खडा न् खडा दिसतो.

तरी गावाहून निघताना आई मागे जाऊन उभी राहतेच. "येऊ दे... येऊ दे..." आणि नियम आम्ही बदललाय. ती मध्ये गप्प झाली की मी तिथेच थांबतो. मग बाहेरून आवाज येतो, "आरं ये की, भितुस काय? हाय मी," आणि मी पुन्हा सुरू होतो. रस्त्यावर आलो की "बस्स." डिकीवर दोन थापा पडतात. आईचा हात तसा हलका, पण आवाज आबांच्या थापेसारखाच येतो.